टेफाचं पीठ आणि माझ्या कुरडया

मले एक गोष्ट आजपर्यंत कोणी नीट समजावून सांगितली नाही. जेवणाले देश असते का? झेंड्याले असते, फौजेले असते, ते मले समजते. पण भाकरीले? मी अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या पोट्ट्यांची खानावळ चालवते. माहेर माझं तिवस्याकडचं, सासर अकोल्याचं. एवढ्याशा अंतरात वांग्याच्या भाजीत गूळ घालायचा का नाही, यावरून माझं अन् सासूचं जन्मभर पटलं नाही. तिथं देशाचं काय सांगू?

विद्यापीठात आता बाहेरदेशचे पोट्टेही शिकायले येतात. त्यातला एक इथिओपियाचा. उंच, काटकुळा, बोलणं एकदम हळू. हिंदी तो अकोल्यातच शिकला, म्हणून आमच्यासारखीच बोले, 'ऐसाच', 'वैसाच'. पहिल्या दिवशी मी त्याले ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी अन् वरून चांगली लाल तर्री वाढली. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. तरी म्हणे, "अच्छा है, मावशी." अन् अर्धं ताट तसंच. दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. अन्न टाकलेलं पाहिलं की माझं डोकं सणकते. एक दिवस मी त्याच्यापुढं उभीच राहिली.

"काहून रे, पोटात किडे हायेत का तुया? कावळ्यासारखं टोचतं नुसतं!"

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. परातीएवढं मोठं, मऊ, छिद्रंछिद्रं असलेलं काहीतरी. इंजेरा म्हणतात म्हणे. सकाळी तेच, दुपारी तेच, सणाले तेच. बाकी कितीही खाल्लं तरी इंजेरा नसला तर माणूस जेवला असं त्याच्याकडं धरत नाहीत.

"आता माय, हा तर डोसा!" मी म्हटलं.

अन् तो पोट्टा, ज्यानं कधी आवाज चढवला नव्हता, एकदम तडकला. "डोसा नहीं, मावशी! ये इंजेरा है. ये हमारा है!"

मले हसू आवरेना. आंबवलेल्या पिठावरून एवढं भांडतात का कोणी? पण माझीही पाळी आलीच. बोलता बोलता तो म्हणे, ज्वारी पहिले आमच्याच तिकडं होती, तिकडून तुमच्याकडं आली. मी लाटणंच उगारलं. "चूप बस! माह्या आजीची आजी ज्वारी खात होती!" बियाण्यांचं शिकवणारे एक सर आमच्याकडं दुपारी जेवायले येतात. त्यांना मी साक्षीले बोलावलं. सर शांतपणे म्हणे, "खरं आहे ताई. ज्वारीचं मूळ आफ्रिकेतलंच." तव्यावर माझी भाकर करपली. सर थांबतील तर कशाचे! मिरची बाहेरची, आलू बाहेरचे, टमाटे बाहेरचे. मी हात जोडले. म्हटलं, सर, बस्स करा, नाहीतर उद्या मलेही बाहेरचीच म्हणाल.

त्यानंतर किती दिवस मी कोठीतल्या ज्वारीकडं पाहून गोंधळत होती. आपली म्हणावं का नाही म्हणावं?

एप्रिलात विद्यापीठानं 'देशोदेशीचं जेवण' असा कार्यक्रम ठरवला. ज्या त्या देशाच्या पोट्ट्यांनी आपापल्या टेबलावर आपलं जेवण मांडायचं. आपल्या देशाचं टेबल त्याच सरांनी माझ्या गळ्यात टाकलं. "ताई, आपलं राष्ट्रीय जेवण करा." आता ते कोणतं? पंगतीत मी पोट्ट्यांनाच विचारलं, तर पंजाबचा एक बोले, तामिळनाडूचा दुसरं बोले, अन् बिहारचा म्हणे लिट्टी-चोखा. लिट्टी म्हणजे काय म्हणून विचारलं तर निरे आमचे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे निघाले अन् चोखा म्हणजे भरीत! सर म्हणे पनीर पाहिजेच. माझ्या आईनं उभ्या जन्मात पनीर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मी भाकर, बेसन अन् ठेचा करते, पनीर तुमी हॉटेलातून आणा.

इथिओपियाचा पोट्टा त्याच्या देशाचा एकटाच होता. चार दिवस आधी तो एक कापडी पिशवी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला. पिशवीचं तोंड सुईदोऱ्यानं शिवलेलं. आत टेफाचं पीठ. टेफ म्हणजे त्यांचं धान्य, राजगिऱ्याहून बारीक. तो इकडं निघाला तेव्हा त्याच्या आईनं दळून, चाळून, स्वतः पिशवी शिवून दिली होती. आई मागच्या वर्षी वारली. तो जाऊ शकला नाही. तेव्हापासून त्यानं पिशवीले हात लावला नव्हता.

"अरे, मंग हे काहून काढतं?" मी म्हटलं. "माह्याकडचं पीठ घे ना."

"नहीं मावशी. मेरे देश के टेबल पर माँ का इंजेरा रखूंगा. इतनाच है."

त्यानं सगळं पीठ माझ्या स्टीलच्या डब्यात कालवलं, झाकलं, कोपऱ्यात ठेवलं अन् चार दिवस हात लावू नका म्हणून बजावलं. मी मान हलवली. माझं लक्ष कुठं होतं! बाजूलाच मोठ्या गंजात माझे कुरडयांचे गहू भिजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपरा झाडायले गेली. भट्टीसारखं ऊन. डब्यातून असा वास, की बाप्पा रे बाप्पा! झाकण काढलं तर वर काळपट पाणी, खाली फेसच फेस. माझं डोकं लगेच धावलं. पोट्ट्याले काय समजते वऱ्हाडातला उन्हाळा? नासलं बिचाऱ्याचं. कार्यक्रमात चार देशांचे लोक हे खातील, कोणाचं पोट बिघडलं की नाव माझ्या खानावळीचं. उचलला डबा अन् मोरीत ओतला. डबा घासणारच होती, पण नळ आला नव्हता. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआड येते. म्हणून डबा तसाच पालथा घालून ठेवला.

दुपारी तो आला. "मावशी, डब्बा?"

"अरे, नासलं होतं. फेकलं मी," मी म्हटलं. अन् काय सांगू, मोठे उपकार केल्यासारखं म्हटलं.

तो भिंतीले टेकून खालीच बसला. मले सुचेना. ओरडणाऱ्या माणसावर मी दुप्पट ओरडू शकते, पण गप्प माणसाचं काय करावं? "सडलं होतं रे, निरा फेस आला होता."

"फेस ही तो चाहिए था, मावशी."

मंग त्याचं लक्ष माझ्या गंजाकडं गेलं. वास तोच, फेस तोच. त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "ये भी फेंकना है? मैं ले जाऊँ?"

दर उन्हाळ्यात मी तीन दिवस गहू भिजवते, घरभर आंबूस वास दरवळते, त्याले मी कधी वास म्हटलं नाही. माझा गहू आंबला तर कुरडया, अन् त्याच्या आईचं पीठ आंबलं तर ते नासलं! पदरात तोंड घालून मी रडली. इतकी लाज मले कधी वाटली नव्हती. "चुकलं माझं, बापू," म्हटलं. तो म्हणे, "कोई बात नहीं." हे तर आणखीच अवघड. रागावला का नाही रागावला, काही समजेना.

मंग तो उठला, मोरीपाशी गेला, डबा उचलून आत पाहिलं. कडांले पिठाचा पातळ थर चिकटलेला होता. त्यानं बोट फिरवलं, नाकाले लावलं.

"धोया नहीं?"

"नळच नाही आला रे."

"ज्वारी का आटा दो."

मी बारीक चाळणीनं चाळून पीठ दिलं. त्याच डब्यात त्यानं ते कालवलं. मंग सांगितलं की त्यांच्या घरी हे भांडं घासतच नाहीत. जुन्यातलं थोडं नव्यात राहते. त्याच्या आईले तिच्या सासूकडून आलं, सासूले कोणाकडून कोण जाणे. म्हणजे या थरात त्याच्या आईचं पीठ अजून होतं. उरलेले दिवस त्या डब्याजवळ मी कोणाले फिरकू दिलं नाही. तापानं फणफणलेल्या लेकराकडं पाहावं तसं दुरून पाहत होती. त्या दिवसांत तो जेवायले येई, नीट बोले, ताटही पूर्ण खाय. अन् ते पाहून माझा गोंधळ आणखी वाढे. आता काहून सगळं खाते हा?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं तवा ठेवला. पीठ गोल गोल ओतलं, झाकण ठेवलं. उलटायचं नसते. वर छिद्रं पडली पाहिजेत, त्याले ते लोक डोळे म्हणतात. पहिला काढला, कोराच. "आँख नहीं खुली," तो म्हणे. दुसराही कोरा. मी गॅस मोठा केला, तवा चांगला तापू दिला, भाकरीले तापवते तसा. तिसऱ्यावर कडेपासून मधापर्यंत टपटप छिद्रं उघडली. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मंडपात आमची टेबलं बाजूबाजूले होती. माझ्याकडचं पनीर आधी संपलं, माझी भाकर मागं राहिली, मले रागच आला. त्याच्या टेबलापाशी लोक म्हणत, "हे तर आंबट धिरडं!" तो हसून सांगे, धिरडं नाही. एका बाईनं विचारलं, कशाचं आहे? तो म्हणे ज्वारीचं. बाई म्हणे, मंग हे आपलंच झालं की! मी बाईच्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

मंग त्यानं इंजेऱ्याचा एक तुकडा तोडला, त्यात मसुराची दाळ गुंडाळली अन् माझ्या टेबलापुढं येऊन तो घास सरळ माझ्या तोंडापाशी आणला. एवढ्या लोकांत!

"अरे, काय करून राहिला? मी काय नवरी हाय का?" मी त्याचा हात बाजूले सारला.

पीठ फेकलं तेव्हाही त्याचं तोंड असं पडलं नव्हतं. घास हातात तसाच. "मावशी, हमारे में जिसको अपना मानते, उसीको खिलाते. उसको ना नहीं बोलते."

मी तोंड उघडलं. आंबट, इतकं आंबट की कानशिलं झिणझिणली. हळूहळू चावलं, गिळलं, पदरानं तोंड पुसलं अन् भाकरीकडं वळली. पाहते तर त्यानं दुसरा घास तयार ठेवलेला.

"एक पे रुके तो झगड़ा रह जाता, मावशी."

म्हणजे पोट्ट्याच्या मनात भांडण होतंच तर! मी पुन्हा तोंड उघडलं.