कोळशाच्या गोळ्यांनी दिलेली साक्ष

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वेगळं उभं राहतं.

दारूबंदीचे दिवस होते. मी नागपुरात गिरणी कामगारांच्या वस्तीजवळच्या ठाण्यात महिला शिपाई होते. शिक्षण चौथीपर्यंत. ठाण्यात आम्ही दोघीच बायका. बाई आरोपी आली की पहारा आमच्याकडे, आणि ज्या घरात बायका असतील तिथल्या झडतीला आम्हाला सोबत नेत. एरवी आमचं मत कुणी विचारत नसे आणि मीही आपणहून सांगत नसे.

एके सकाळी हजेरी संपता संपता एका तरुण बाईला आणलं. कडेवर दूधपिती मुलगी. नवरा मागावर काम करायचा. पोटात कळा आल्या, डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसू लागलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. सासूची फिर्याद होती की सुनेनं भाजीत धोतरा घातला. चार दिवसांपूर्वी नळावर साऱ्यांसमोर ती ओरडली होती, ‘एक दिवस याले कायमचा झोपवीन.’ ऐकणाऱ्या पाच बायका साक्षीला तयार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खुनाच्या आरोपाखाली कोर्टापुढे उभं करायचं ठरलं.

मी तिच्याजवळ बसले. "जेवली का वं?"

"गळ्याखाली उतरत नाही."

"नळावर तसं बोलली होतीस?"

"बोलली ना. रागात कोन बोलत नाही? तुम्ही नाही बोलत घरवाल्याले?"

मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं. तिला विचारलं, तो शेवटी काय प्यायला होता?

"बाटली आनली होती. पान्यासारखी साफ. मले म्हने, ही साहेब लोकायची हाय, तुह्या बापानं पाह्यली नसन. तळाशी काळी भुकटी होती. मंग म्याच घासली ती बाटली."

"कसली भुकटी?"

"कोळशाची. आपन दात घासतो नं, तशी."

वस्तीत मिळायची ती मोहाची दारू. ती शेजारच्या घरातही वासानं कळते. बिनवासाची दारू आणि तळाला कोळसा, हे काही मला पटेना. बाटली दिली कुणी, तर ती म्हणाली, दोन गल्ल्या पलीकडच्या पॉलिशवाल्यानं. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा.

ठाणेदार साहेबांच्या दारापर्यंत जाऊन मी तीनदा परत फिरले. चौथ्यांदा त्यांनीच पाहिलं.

"बाई, काय पुटपुटता? मोठ्यानं बोला."

मी सांगितलं. ते म्हणाले, "अडकलेला माणूस दुसऱ्याचं नाव घेतोच." पण साहेब सरळ होते. तपास अर्धवट ठेवून कुणाला कोर्टात उभं करणं त्यांना आवडत नसे. दोन पंच घेतले, दोन शिपाई घेतले आणि घरात म्हातारी आई आहे म्हणून मला घेतलं.

पॉलिशवाल्याचं घर लख्ख होतं. भांडी घासलेली, फडकी धुतलेली. पॉलिशसाठीचा जांभळ्या रंगाचा स्पिरिट तेवढा डब्यात होता आणि त्याचा परवानाही होता.

"पाहा साहेब, कोपरा न् कोपरा पाहा," तो हसत म्हणाला. "जांभळा स्पिरिट कोनी पेते का गा? वासानंच मानूस पळते."

साहेबांनी पंचनाम्याचे कागद गुंडाळायला सांगितले. मी मागच्या अंगणात म्हातारीकडे होते. तिथे कोळशाच्या चुऱ्याचे गोळे वाळत होते. चुरा, माती, शेण कालवून आमच्याकडे घरोघर असे गोळे करतात. पण घरोघर जळतो तो दगडी कोळसा. त्याच्या चुऱ्याचा गोळा हाताला जड लागतो. मी एक उचलला, तर हलका फूल. लाकडी कोळसा होता, तोही मैद्यासारखा दळलेला. शेगडीत तर दगडी कोळशाचीच राख होती.

"आजी, लय बारीक चुरा हो हा. कुठून आनला?"

"पोट्टा आनते पोत्यानं. काय करते त्याचं, त्यालेच ठाऊक. मंग म्हने, वला चुरा नाल्यात फेक. असा सोन्यासारखा चुरा फेकाव का वं बाई? म्या गोळे केले."

"चांगले पेटतात?"

"पेटते, पन घान सुटते. पॉलिशचा वास येते मेल्यायले."

मी चार माणसांसमोर म्हटलं, "साहेब, हे गोळे जप्त करा."

एक शिपाई म्हणाला, "बाईले सैपाकाले पाह्यजेन." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी गोळा नाकाशी नेला. वास नव्हता. तरी त्यांनी गोळे पिशव्यांत भरून, लाख लावून सील केले आणि पंचांच्या सह्या घेतल्या. एक गोळा पंचांसमोर वेगळा ठेवला आणि पॉलिशवाल्याला ठाण्यात आणलं.

दोन तास तो एकच उत्तर देत राहिला. मग साहेबांनी मला शेगडी पेटवायला सांगितली. तो गोळा फोडून मी निखाऱ्यांवर टाकला. जरा वेळानं खोलीभर पॉलिशच्या स्पिरिटचा उग्र वास भरला. पॉलिशवाल्याचा चेहरा उतरला.

"हे गोळे कुठले?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आईचे," मी म्हटलं.

तो ओरडला, "फेक म्हटलं होतं बुढीले! शंभर खेपा सांगितलं होतं!"

मग त्यानं सगळं सांगितलं. स्पिरिट कोळशाच्या पुडीतून गाळून तो दारू म्हणून विकायचा. पिऊन कुणी मरेल असं वाटलं नव्हतं, रंग गेला म्हणजे विष गेलं असं तो समजत होता. आणखी दोघांना त्यानं तशाच बाटल्या दिल्या होत्या. साहेबांनी जीप पळवली. एकाची बाटली अजून फोडलेली नव्हती. दुसरा प्यायला होता, त्याला धंतोलीत दवाखान्यात नेलं. काय प्यायला ते डॉक्टरांना आधीच कळलं म्हणून तो वाचला आणि त्याचे डोळेही वाचले. त्या बाईला संध्याकाळच्या आत साहेबांनी स्वतः घरी पाठवलं.

सील केलेला मुद्देमाल पोचवायला मी सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या साहेबांनी मला स्टूल दिलं, हे मी विसरले नाही. त्यांनी काचेच्या भांड्यात जांभळा स्पिरिट घेतला, कोळशाची पूड टाकून हलवला आणि गाळला. खाली पाण्यासारखा स्वच्छ थेंब पडला.

"रंग कुठे गेला, बाई?"

"कोळशानं पिला."

"पिला नाही. फडकं पाणी पितं ते वेगळं, त्यात पाणी आतवर मुरतं. इथे रंग कोळशाच्या अंगाला नुसता चिकटून बसला. याला अधिशोषण म्हणतात. कोळशात डोळ्यांना न दिसणारी बिळं असतात. चमचाभर कोळशाच्या बिळांच्या भिंती उलगडून पसरल्या तर तुमचं अंगण झाकून जाईल. एवढ्या जागेवर किती रंग, किती वास बसेल, विचार करा."

साखर पांढरी करायला, पाण्याचा वास घालवायला, विषारी हवेत घालायच्या मुखवट्यात हीच युक्ती आहे, असं ते म्हणाले. औषधाच्या बाटलीतली खड्यांची पुडीही हवेतला ओलावा अशीच अंगावर धरते.

"मग विषही धरलं असेल ना?"

"तिथंच तो फसला. कोळसा काही गोष्टी घट्ट धरतो, काही सोडून देतो. कुणी पिऊ नये म्हणून स्पिरिटमध्ये मुद्दाम विषारी अल्कोहोल घालतात, ते त्याच्या अंगाला फारसं चिकटत नाही. रंग गेला, वास गेला, विष खाली उतरलं. आणि जे अंगाला बसलं, ते तापवलं की सुटतं. म्हणून तुमच्या शेगडीत वास आला."

मग त्यांनी गोळ्यांचा चुरा दुसऱ्या कसल्याशा द्रवात धुतला. हळूहळू द्रव जांभळा झाला. मी उठून उभीच राहिले. त्या बाईच्या नवऱ्याच्या व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासायला काढून ठेवलेल्या पोटातल्या अवयवांतही, तेच विष निघालं. धोतरा नव्हता.

खटल्यात माझी साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "चौथी शिकलेल्या बाईंना रसायनशास्त्र कधीपासून कळायला लागलं?"

मी म्हटलं, "रसायन नाही कळत साहेब. शेगडी कळते. जिथं दगडी कोळसा जळतो तिथं लाकडी कोळशाचे गोळे कसे, एवढंच मी पाहिलं."

कोर्टात हशा पिकला आणि या वेळी तो माझ्यावर नव्हता. वकील आपल्या जागेवर जाऊन बसले. पॉलिशवाल्याला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सासू सुनेपासून चार हात दूर उभी होती. माफीचा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. शेवटी तिनं पुढे येऊन सुनेच्या कडेवरची नात उचलली आणि म्हणाली, "चाल वं घरी. पोट्टी भुकेली होऊन राहिली." सून तिच्यामागून निघाली.

या प्रकरणानं मला शिकवलं की लपवणारा माणूस आपल्या नजरेला येतं तेवढंच पुसतो. घरातल्या बाईच्या हातून काय जातं, ती काय टाकते आणि काय ठेवते, याचा त्याला पत्ता नसतो. ते पाहायला शिक्षण लागत नाही, फक्त पाहिलेलं वेळेवर बोलावं लागतं. मला तेच जड जायचं. त्यानंतर प्रत्येक झडतीत पंचनामा बंद करण्याआधी साहेब वळून विचारायचे, "बाई, तुम्हाला काय दिसलं?" आणि मी सांगायची, मोठ्यानं.