राजेसाहेबांचं सरळ झाड

चार माणसं जिथे रोज एकत्र चहा पितात, तिथे किस्से आपोआप साठत जातात. त्यात मालक एका जुन्या संस्थानाचे वारस आणि वर चित्रकार असले, तर विचारायलाच नको! डहाणूला चिकूच्या वाडीत आमच्या राजेसाहेबांचा स्टुडिओ आहे. ते साड्या, पडदे, चादरी डिझाइन करतात. मी छपाई बघते.

*

एकदा सरकारी कचेरीत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यात साहेबांनी 'रंगारी' असं लिहिलं. क्लार्कने मान वर न करता विचारलं, "भिंती की गाड्या?"

"मिळेल ते!"

परतताना रिक्षात ते इतके खूश होते, की या माणसाला राजेपणाचा कंटाळा आला असावा असं मला वाटलं.

*

पापलेटच्या रंगाची साडी करायची म्हणून साहेबांनी ताजं पापलेट आणलं, टेबलावर ठेवलं आणि दिवसभर रंग जुळवत बसले. साडी तयार झाल्यावर कौतुकाने आमच्या मासेवालीला, हिराबाईला, दाखवली. तिने पदर डोळ्यांजवळ नेला.

"रंग बरोबर हाय साहेब. पन मासा कालचा!"

*

जानकी तलासरीजवळच्या पाड्यावरून येते, वारली चित्रं काढते. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणते, साहेबांनाही. एका हॉटेलच्या चादरींसाठी त्यांनी तिला लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो चौक काढायला सांगितला.

"त्यात देवी बसते, राजा. तिच्यावर झोपनार कोन?"

साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावून ऑर्डर रद्द केली. मग दुसऱ्या चादरींसाठी स्वतःच एक झाड काढलं. दोन्ही बाजू अगदी पट्टीने मोजल्यासारख्या. "हे चालेल?"

जानकीने कागद उचलून उजेडात धरला. "झाड चांगलं हाय. पन याला वारा लागत नाय."

साहेब हसले खरे, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

*

गेल्या वर्षापासून त्यांचा हात थरथरतो. आधी पेन बदललं, मग टेबल, मग कागदाला नावं ठेवून झाली. शेवटी चित्र काढणंच सोडलं. नुसते रंग सांगायचे. आम्ही कुणीच विषय काढला नाही. राज्य गेल्याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण रेघ गेल्याचं दुःख लपत नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

*

या उन्हाळ्यात जानकीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही पोचलो तेव्हा सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या. जानकीने साहेबांच्या हातात बांबूची काडी दिली.

"चौक आमचा. बाहेरची जागा तुझी. झाड काढ."

"जानकी, माझा हात..." एवढं ते पहिल्यांदाच कुणासमोर बोलले.

"म्हायती हाय. काढ तू."

त्यांनी काढलं. खोड वाकलं, फांद्या हलल्या, पानं इकडेतिकडे गेली. काडी ठेवून ते भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.

जानकी दोन पावलं मागे सरली. मग त्यांचा दंड धरून तिने त्यांना वळवलं.

"बघ तरी, राजा. लागला वारा!"