शेवटचा हात मॅटचा

दिवसभर मी दात चकचकीत करते. वसईत दातांच्या एका लॅबमध्ये माझी नोकरी आहे. कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवायच्या, घासायच्या आणि शेवटी इतक्या लखलखीत करायच्या की लावणाऱ्याला हसल्यावाचून राहवू नये. चमक कशी आणायची हे मला कुणी शिकवायला नको. चमक घालवायची कशी, हे मात्र मी घरी, जूचंद्रच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, नाकातोंडात रंग भरून घेत शिकले. पप्पांच्या मालगाडीला चमक नको होती.

पप्पा मालगाडीचे गार्ड होते. सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटं बसून त्यांनी अख्खी नोकरी काढली. निवृत्त होऊन गिरीज गावातल्या घरी आले, केळीच्या वाडीत रमले आणि मग काचबिंदूने त्यांना गाठलं. मोतीबिंदू वेगळा आणि काचबिंदू वेगळा, हे मला आजही लोकांना समजावावं लागतं. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने खाल्लेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच. पप्पांना आधी कडेचं दिसेनासं झालं. मधलं तेवढं राहिलं, आणि उजेडाची तिरीप डोळ्यात गेली की तेही पुसलं जायचं. जेवताना समोर स्टीलचा पेला आला तरी ते मान फिरवत.

पेपर सुटला, टीव्ही सुटला. प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसत, पण पान उलटत नसत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि वहिनी त्यांच्याजवळ गिरीजला राहतात. दोघंही त्यांचं सगळं करत. थेंब वेळेवर, चर्चमध्ये मिस्साला गाडीने, जेवण ताटात कालवून. दादा वाईट माणूस नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मला ते लिहायचा मूड राहणार नाही.

एकदा पप्पा चार दिवस माझ्याकडे राहायला आले. आमच्या बिल्डिंगच्या मागून मालगाड्यांची लाइन जाते. ते सकाळपासून बाल्कनीत कठडा धरून उभे. गाडी आली की त्यांचे ओठ हलायला लागत आणि गाडी अर्ध्यात गेली की थांबत.

“काय म्हणताय पप्पा?”

“नंबर. पण नाय वाचता येत आता. बडे बडे नंबर, तरी नाय.”

घरात पप्पा आमच्या वाडीतली बोली बोलायचे, पण गाडीचा विषय निघाला की रेल्वेची हिंदीमिश्रित मराठी तोंडात यायची. डब्यांचे नंबर उतरवून घ्यायला रेल्वेत वेगळा माणूस असे. तरी पप्पा गाडी ताब्यात घेताना स्वतः शेवटपासून इंजिनापर्यंत चालत जात आणि प्रत्येक डब्याचा नंबर मोठ्याने वाचत. साथीदार हसायचे. पप्पा म्हणायचे, ज्या गाडीच्या मागे बसून रात्र काढायची तिची ओळख नको?

त्या दिवशी बाल्कनीत मी ठरवलं की यांना वाचता येईल अशी एक गाडी आपण करायची.

पाच डबे आणि मागे गार्डाचा डबा. डबे सगळे एकाच जातीचे, बंद, छपराचे, दीड वीत लांब. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून सांगाडा केला. लॅबमधल्या हत्यारांची सवय होती, रंगाचा छोटा फवाराही माझ्याकडे होता. नंबर कोणते घालायचे ते पप्पांनी सांगितलं. प्रत्येक नंबरामागे एक हकिकत. शेवटी चार-सात-एक असलेला डबा त्यांच्या खास मर्जीतला. कामणच्या वळणावर त्याच्या चाकाचा आस तापून धूर निघाला होता, पप्पांनी मागून तो पाहिला आणि गाडी थांबवली. नऊ-शून्य-दोनच्या दारातून तांदूळ सांडत गेला होता आणि गाडीमागून कावळे उडत आले होते. बाकीच्यांच्या गोष्टी अशाच.

आता खरं काम. मळक्या तपकिरी डब्यावर पांढरे आकडे यायला हवेत. हे आकडे पातळ पापुद्र्यावर छापून घ्यायचे, पाण्यात सोडायचे आणि डब्यावर सरकवायचे. ते नुसत्या रंगावर नीट बसत नाहीत. रंग खरबरीत असतो, आकड्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग दिसतो. म्हणून आधी पारदर्शक ग्लॉसचा हात द्यायचा. डबा आरशासारखा झाला की आकडे चिकटवायचे, वाळू द्यायचे, वर पुन्हा ग्लॉसचा पातळ हात. आणि मग, इतकी मेहनत करून आणलेली चमक मॅटचा हात देऊन मारून टाकायची. पहिल्यांदा मॅट मारताना लॅबमधल्या माझ्या जिवाला फार लागलं.

मॅटची बाटली लहरी. तळाशी बसलेली पूड नीट ढवळली नाही तर अर्धा डबा चमकतो, अर्धा नाही. फवारा लांबून मारला तर थेंब हवेतच सुकतो आणि डब्यावर पिठासारखा पडतो. जाड मारला तर पांढुरका थर. आणि आमच्या दमट हवेत पावसाळ्यात फवारायचं नावच काढायचं नाही. सगळ्यावर धुकं बसतं. पहिला डबा मी तीनदा रंगवला. नवरा म्हणाला, विकत नाही मिळत का गं? मी त्याला बाल्कनीचं दार लावून घ्यायला सांगितलं.

डबा वाळल्यावर गिरीजला नेला. सकाळची वेळ, खिडकीतून थेट ऊन. पप्पांनी डबा डोळ्यांसमोर धरला, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मॅटवर ऊन पडलं तरी त्याची तिरीप उलटून येत नव्हती. आकडे मी मुद्दाम प्रमाणापेक्षा मोठे घेतले होते.

“चार. सात. एक.” पप्पा म्हणाले. मग म्हणाले, “ही गाडी आहे. अशीच असते गाडी. मळकी.”

मला रडू आलं, आणि वहिनीने चहा आणला म्हणून बरं झालं.

पुढच्या महिन्यांत एकेक डबा जात गेला. दादाने खिडकीखाली लांब फळी ठोकून दिली. हेही त्याचंच काम, नाकारत नाही. रोज सकाळी पप्पा स्टूल सरकवत शेवटच्या डब्यापासून पहिल्यापर्यंत जात, प्रत्येक नंबर मोठ्याने वाचत. शेवटी “बरोबर!” म्हणत आणि हात वर करून गाडी सोडत. वहिनी फोनवर सांगायची, आज दोनदा सोडली. डॉक्टर म्हणाले होते, नजर अजून वर्षभर टिकेल, कदाचित कमी. मी मनाशी म्हटलं, असेल तेवढे दिवस वाचू देत.

मग नाताळ आला.

आमच्याकडे नाताळ आला की घर नुसतं झाडून भागत नाही. भिंतींना रंग, दारांना रंग, घरातल्या प्रार्थनेच्या अल्ताराला पॉलिश, कपाटाला पॉलिश, सोफ्याच्या हातांना पॉलिश. जे वर्षभर मळकं चाललं ते सणाला मळकं चालत नाही. देवाच्या जन्माच्या वेळी घरातली एखादी वस्तू चमकायची राहिली तर शेजारी काय म्हणतील, हा धाक आम्हाला बायबलातल्या सगळ्या आज्ञांच्या वरचा. त्यात दादाला गावातल्या, ख्रिस्तजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यांच्या स्पर्धेचं वेड. दरवर्षी तो गव्हाणी, मेंढरं, विहीर, पाणी सोडणारा पंप असं काय काय करतो. या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की गोठ्यामागून पप्पांची मालगाडी जावी. बेथलेहेमला मालगाडी! पण कल्पना पप्पांच्या मानासाठी होती, असं त्याचं म्हणणं, आणि तेही खोटं नसावं.

पॉलिशवाला घरी आलेलाच होता. अल्तार झाला, कपाट झालं. दादाने फळीवरचे डबे उचलून त्याच्यापुढे ठेवले. “ह्याच्यावर पण एक हात मार. लई डल दिसतंय.”

लाकडावर मारायचं मेलामाईन पॉलिश. खेळण्याएवढ्या प्लास्टिकच्या डब्यांवर. एक नाही, दोन हात मारले, कारण पहिल्याने म्हणे पाहिजे तशी चमक येईना.

मला कळलं ते नाताळच्या दिवशी. मी, नवरा, मुलगी, मिस्सा आटपून केक घेऊन गिरीजला पोचलो. अंगणात गोठा, त्याभोवती बायका, फोन वर धरलेली माणसं. सगळीकडे दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या आणि प्रत्येक दिवा प्रत्येक डब्यावर दिसत होता. “काय शायनिंग मारते गाडी!” कुणीतरी म्हणालं. बाजूला खुर्चीत पप्पा, नवा शर्ट घालून, मान दुसरीकडे फिरवून.

मी एक डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, डावीकडे केला, उजवीकडे केला, मग आडवा, मग तिरका. अंगठा त्यावरून फिरवला, तो घसरत गेला.

“कोणाची गाडी आहे ही?” त्यांनी विचारलं.

दादा मागून म्हणाला, “पप्पा, तुमचीच! नवी केली!”

पप्पांनी डबा माझ्या हातात परत दिला आणि जेवणार का म्हणून विचारलं.

मी दादाला आतल्या खोलीत नेलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. सणाचा दिवस होता, बाहेर लोक होते, तरी बोलले. त्याला कळेचना. “अगं बाय, मी खराब केली का? चांगलीच केली ना? तुझा रंग तर किती फिका होता!” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा त्याची दया यायला हवी होती. आली नाही. गोठ्याला तिसरं बक्षीस मिळालं आणि गाडीचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला. मला तो चौघांनी पाठवला.

डबे मी घरी आणले. म्हटलं, चमकच आहे ना, वरून मॅट मारू. एकावर मारला. चमक गेली आणि तिने झाकलेलं सगळं वर आलं. मेलामाईनने खालचा रंग खाल्ला होता. आकडे फुगून त्यांच्या कडा विरघळल्या होत्या. इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसत होते. खरवडायला गेले तर प्लास्टिकच निघायला लागलं. म्हणजे सगळं पहिल्यापासून. पत्रे कापणं, जोडणं, रंग, ग्लॉस, आकडे, ग्लॉस, मॅट. आकडे छापून यायलाच किती दिवस गेले. लॅबमध्ये लग्नसराईचं काम. लग्नाआधी सगळ्यांना दात हवे असतात. मी संध्याकाळी घरी येऊन बाल्कनीत बसायची आणि मागून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीसरशी मला दादाचा राग यायचा. अजून येतो.

पप्पांनी त्या दिवसांत काही विचारलं नाही. फळी रिकामी होती. वहिनी सांगायची, सकाळी स्टुलावर बसतात, मग उठतात. थेंब बदलले, डोळ्यातला दाब उतरला नाही.

इस्टरच्या आधी एक डबा पुरा झाला. घाईत एकाच बाजूला नंबर लावला होता, नऊ-शून्य-दोन, तांदळाचा डबा. बाकीचे जमतील तसे आणू म्हणून मी तो एकटाच घेऊन गेले. सकाळची वेळ धरून गेले, खिडकीतलं ऊन तेच. पप्पांनी हात पुढे केला तो डब्याच्या थोडा बाजूला. मी डबा त्यांच्या हातात दिला, नंबर त्यांच्याकडे करून.

त्यांनी अंगठा फिरवला. तो खरबरीत मॅटवर अडकत अडकत गेला आणि त्यांचा चेहरा उजळला. डबा डोळ्यांसमोर धरला. डावीकडे. उजवीकडे. दादा दारात येऊन उभा राहिला होता, हातात थेंबांची बाटली.

“चार,” पप्पा म्हणाले. “सात. एक.”

आणि मग, “बरोबर?”

आजवर ते कधी विचारत नसत. सांगत असत.

“बरोबर, पप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला, गाडी सोडली. एकच डबा होता, तरी सोडली.

“बघ!” दादा म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता, मी त्याचं तोंड पाहिलं. “वाचतात की! दिसतंय त्यांना. तू उगाच एवढे महिने तोंड फुगवून बसलीस.”

मी पप्पांच्या हातातून डबा घेतला आणि फळीवर ठेवला, नंबर भिंतीकडे करून.