केराबाईच्या गुडघ्यात कुणाचं दुखणं?

चौऱ्याहत्तर साली भवानी पेठेत एक बातमी नळावरच्या घागरींबरोबर घरोघर पोचली: बसव्वानं आपली गुडघेदुखी उतरवून केराबाईच्या पायात घातली. कुणी म्हणालं लिंबानं, कुणी म्हणालं अमावास्येच्या नारळानं.

बातमी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, हे विचारायचं कारणच नव्हतं. केराबाईच्याच!

केराबाईचा जन्मच संशय घ्यायला झालेला. दूधवाला आला की ती दुधाकडं नव्हे, त्याच्या हाताकडं बघायची. नवरा मिलमधून वेळेवर आला तर ‘आज लवकर कसं?’ आणि उशिरा आला तर काही न विचारता थेट त्याच्या डब्याचा वास घ्यायची. पण भाकरीत मात्र तिला तोड नव्हती. संगप्पाच्या खानावळीत कडक भाकऱ्या तिच्याच. त्यापायी सकाळपासून चुलीपुढं मांडी घालून बसायचं. अलीकडं उठताना भिंत धरावी लागे, आणि संगप्पानं ते नेमकं पाहिलं.

“झेपत नसलं तर सांगा मावशी, बसव्वाला विचारतो,” तो अगदी मायेनं म्हणाला. केराबाईनं भिंतीवरचा हात झटकन काढला.

बसव्वा म्हणजे पत्र्याच्या भिंतीपलीकडची शेजारीण. तीही भाकऱ्या करायची. गेल्या साली लंगडत होती, आणि आता बघावं तर नळावर उकिडवी बसून भांडी घासतेय! एकीचं गेलं, दुसरीला आलं. शिवाय रोज दुपारी तिचं दार बंद. आतून ‘हूं’ असा हुंकार, मग धप्प.

“देवाचं आसंल तर दार उघडं ठिवून कर की,” केराबाई नवऱ्याला म्हणाली. “दार लावून काय करत्यात, मला म्हाईत हाय.”

“म्हाईत हाय तर मला कशाला सांगतीस?” जोतीराम तंबाखू मळत म्हणाला.

एका दुपारी केराबाईनं ज्वारीचा डबा भिंतीशी ओढला आणि वर चढली. कशी चढली, ते तिचं तिलाच ठाऊक. पत्र्यावरून डोकावते तर बसव्वा घोंगडीवर उताणी, एक पाय हवेत, पायाला मिठाची पिशवी बांधलेली.

“घावलीस! कुणाचं नाव घिऊन पाय उचलतीस गं?”

बसव्वानं लुगडं सावरलं. “अय्यो, केराक्का! चोरावानी वर काय करतीस? उतर खाली.”

“न्हाय उतरणार!” केराबाई ताठ्यात म्हणाली. मग जरा वेळानं, बारीक आवाजात, “गुडगा वाकंना गं.”

बसव्वा धावत आली, तिला खांद्यावर रेलवून खाली घेतलं, पाय सरळ पसरून बसवलं आणि गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी सारली.

“दाब खाली. धर. हां, आता सोड. मग निजून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ उचलायचा, हळू खाली ठेवायचा. दवाखान्यातल्या बाईनं शिकवलं. मिठाच्या पिशवीचं वजन मागनं, पायात बळ आल्यावर. आणि मांडी सोड. चूल ओट्यावर घे.”

“उभ्यानं भाकरी? कडक व्हईल व्हय?”

“तुझ्या जिभेपेक्षा कमीच.”

केराबाई हसली नाही. “मला का शिकवतीस? संगप्पा तुझ्याकडंच येनार की.”

“आला हुता.” बसव्वानं गुंडाळी नीट केली. “म्हटलं, माझ्याच भाकऱ्या पुऱ्या होईनात. तुझ्या गिऱ्हाइकाला हात लावला तर मला जगू देशील काय तू?”

केराबाई शिकली, पण एखादा प्रकार बसव्वानं हातचा राखला असणार, ही खात्री होतीच. मग तिनं पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं. इकडं ही, तिकडं ती, दोघी बरोबरच पाय उचलायच्या. दिवाळीपर्यंत ती भिंत न धरता उठू लागली. ओटा झाला, भाकऱ्या कडकच झाल्या आणि खानावळ तिच्याकडंच राहिली. बातमी मात्र तिनं कधी परत घेतली नाही.

बसव्वानं कुणावर काही केलं नव्हतं. ती गुडघ्याचा व्यायाम करायची, आणि पाय वर घेताना लुगडं घसरतं म्हणून दार लावायची. केराबाईचे गुडघे वर्षानुवर्षं चुलीपुढं मांडी घालून बसल्यानं दुखत होते.