दामाजीचे न खायचे मासे

कोपरीत दामाजी कोळ्याने शोभेच्या माशांचं दुकान टाकलं, तेव्हा बाजारात मासळी विकणारी त्याची बायको जनाबाई हसली होती. "जे खायचे नाय, ते मासे घेणार कोण?"

गिऱ्हाईक मात्र यायचं. दामाजी आधी विचारायचा, पाणी कोण बदलणार? उत्तर पटलं नाही, की सरळ वाटेला लावायचा. जनाबाई चरफडायची.

एक्क्याण्णव साली, एका रविवारी, त्याचा दहा वर्षांचा लाडका गोल्डफिश मेला. दामाजी दिवसभर रिकामी काचपेटी पुसत बसला. संध्याकाळी जनाबाईने घरासाठी राखलेली दोन पापलेटं शेजारणीला देऊन टाकली आणि डाळ शिजत घातली.

दामाजी जेवायला बसला. ताटाकडे बघून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"आज काय उरलंच नाय," ती म्हणाली.