उत्तरेकडचा उतार

सिकंदराबादहून दिल्लीची गाडी सुटली तेव्हा आमच्यासोबत तीन माकडटोप्या, सहा स्वेटर, धपाट्यांचा डबा आणि न मिटलेलं एक भांडण होतं. बर्फ बघायला औली की सोलंग? तिकिटं औलीच्या वाटेची निघाली होती, म्हणजे मी जिंकले होते. पण हे, म्हणजे आमचे यजमान, खिडकीबाहेर बघत मधूनच म्हणायचे, "सोलंगला निदान बाजार तरी होता." अजून काझीपेठही आलं नव्हतं.

भांडणाचं मूळ माझ्या वर्गात होतं. चिक्कडपल्लीजवळच्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. हिमनदी फळ्यावर किती वेळा काढली असेन, मोजदाद नाही. कुणी कधी काही विचारलं नाही. मग घरोघरी केबल आली आणि एका सकाळी नववीतली सुनंदा उभी राहिली. "टीचर, काल टीव्हीत लोकं बर्फावरून घसरू लाल्ते. तुमी बघितला का बर्फ?"

मी म्हटलं, "हो, बघितलाय."

का म्हटलं, देव जाणे. बावीस वर्षं भूगोल शिकवणारी बाई "नाही" कशी म्हणेल? चाळीस मुली खूश झाल्या आणि मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. कुणी पुढे "कुठं?" म्हणून विचारलं तर काय सांगणार होते मी?

त्याच हिवाळ्यात आमची वैजू, जिला नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागून वर्ष झालं होतं, बोनस हातात घेऊन म्हणाली, "आई, संक्रांतीला बर्फ बघायला जाऊ. माझ्याकडून. जागा तू ठरव." आमच्या घरात लेकीच्या कमाईवर हिमालय बघायची ही पहिलीच वेळ. मी शेजारीपाजारी सांगून आले, लपवत नाही.

हिमायतनगरच्या एजंटाने आमच्यापुढे दोन रंगीत पत्रकं ठेवली. "मैडम, सोलंग लेलो. हॉटलां, दुकानां, सब हैं. औली में क्या है, खाली पहाड़ां!" वैजूच्या ऑफिसातले सगळे सोलंगला जाऊन आलेले. हे तर बाजाराचं नाव ऐकूनच तिकडे झुकले. दोन्ही पत्रकांत बर्फ सारखाच पांढरा होता. कागदावरचा बर्फ वितळत नाही. मी घरी येऊन शाळेचा नकाशासंग्रह उघडला. औलीचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. उत्तर उतारावर ऊन कमी पडतं, म्हणून तिथे बर्फ जास्त टिकतो. हा धडा मी दरवर्षी शिकवते. "औली," मी सांगून टाकलं. तिथे बर्फ नसता तर मुलींना दिलेला तो "हो" खोटाच राहिला असता, आणि वर माझा धडाही.

दिल्ली, मग ऋषिकेश, मग दिवसभर अलकनंदेच्या कडेने बस. देवप्रयागला दोन नद्या वेगवेगळ्या रंगांच्या येऊन मिळतात. मी बसमधूनच वैजूला प्रवाह समजावायला लागले तर पुढच्या बाकावरचे काकाही मान वळवून ऐकू लागले. जेवायला राजमा-भात आणि मंडुव्याची (म्हणजे आपल्या नाचणीची) काळीशार भाकरी. तिच्यावर यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी घातली आणि ढाबेवाल्यालाही चाखवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने आणखी मागितली.

जोशीमठला पोचलो तेव्हा ऊन होतं. मी पहिल्यांदा समोर पाहिलं. पलीकडचा अख्खा डोंगर तपकिरी, उघडाबोडका. आमच्या बाजूचा उतार देवदारांनी आणि ढगांनी झाकलेला. चहावाला म्हणाला, "इस बार बर्फ कम है, माताजी." सकाळी खोबरेल तेल बाटलीत दगड झालं होतं. थंडी तर आहे, मी स्वतःची समजूत घातली.

रोपवेची पेटी निघाली. खाली वाळकं गवत, मग देवदार, मग पुन्हा गवत. मी दांडा घट्ट धरून बसले होते. मग झाडांच्या बुंध्यांशी पांढरे ठिपके दिसले. ठिपक्यांचे पट्टे झाले आणि एका वळणाला सगळंच पांढरं. "उत्तर उतार!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की पेटीतले लोक दचकले. हे हसून म्हणाले, "मान गए, टीचर." मला रडू आलं, चांगलंच आलं.

बर्फ हातात घेतला. गिरणीतून आलेल्या ज्वारीच्या पिठासारखा भुसभुशीत. फक्त पीठ गरम असतं, हा गार.

तिथे पायाला लांब पट्ट्या बांधून घसरायला शिकवतात. शिकवणारे नेगीजी पन्नाशीचे. माझी साडी बघून म्हणाले, "माताजी, साड़ी में नहीं होगा. आप बैठिए, बेटी को सिखाता हूँ."

मी बसायला आले नव्हते. माझी आई परभणीकडच्या शेतात ज्वारी काढताना पदर खोचून कासोटा घालायची. मी तिथेच, लोकरी पायजम्यावरून, निऱ्या मागे घेतल्या.

"आई, इथं नक्को! लोकं बघू लालेत!" वैजू कुजबुजली.

"बघू दे."

वैजूचे बूट चढायच्या आत माझा कासोटा तयार. नेगीजींनी एकदा वरून खाली पाहिलं आणि हात पुढे केला. "आइए, अब ठीक है."

दोनदा पडले. तिसऱ्यांदा एका झेंड्यापासून दुसऱ्या झेंड्यापर्यंत सरळ उभी राहून आले. वैजू ओरडली, "ती माझी आई आहे!" मघाशी लाजणारी हीच. यांनी फोटो काढला. त्यात मी अर्धीच आहे, पण कासोटा पूर्ण आलाय.

सोलंगला तेव्हा बर्फ होता की नाही, मला ठाऊक नाही आणि विचारलंही नाही. परतीच्या गाडीत मात्र मला फोटोपेक्षा वर्गाचीच आठवण येत होती. बर्फ बघितल्याने आधीचं खोटं खरं होत नाही, हे नागपूर येईपर्यंत मला पुरतं उमगलं होतं.

नववीच्या वर्गात शिरले आणि खडू न उचलताच सांगितलं, "मागे मी बर्फ बघितलाय म्हटलं, ते खोटं होतं. आता बघून आले."

मग सुनंदा उठली. "पडल्या का टीचर?"

"दोनदा."

मी फळ्यावर डोंगर काढला, उत्तरेची बाजू दाखवली, आणि जिथे पडले तिथे दोन फुल्या केल्या. मागे वळून पाहिलं तर चाळीसच्या चाळीस मुली आपापल्या वहीत डोंगर काढून त्या दोन फुल्या जशाच्या तशा उतरवून घेत होत्या.