कन्यादानाचे पाट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, पायमोजा चढवायला वाकलो आणि उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ गेली. मोजा अर्धाच चढला होता. उरलेला अर्धा बायकोने चढवला. मुलीचं लग्न फेब्रुवारीत होतं.

या दोन गोष्टींचा संबंध बायकोने त्याच सकाळी जोडला. लग्न मालगुंडला, आमच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव घालून व्हायचं होतं. कन्यादानाला मुलीच्या आईवडिलांनी पाटावर मांडी घालून बसायचं, आणि एकदा संकल्प सोडला की विधी पुरा होईपर्यंत उठायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. मला त्या दिवशी जेवणाच्या खुर्चीवर भाजी वाढून होईपर्यंतही बसवत नव्हतं.

वडिलांना जमत नसेल तर काका-काकूंनी बसायचं, हेही रीतीत आहे. मुंबईच्या धाकट्या भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं की पाठ धरली आहे. त्याने त्याच आठवड्यात विधीला नेसायचा नवा रेशमी कद घेतला आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'दादा, काळजी करू नको.'

मुलीने फोटो पाहिला. "बाबा, तूच बसायचं. काकाचा कद मला मांडवात बघायचा नाहीये."

पहिला उपचार घराशेजारीच झाला. शेजारच्या काकी पायाळू आहेत. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू, आणि त्याची लाथ पाठीत बसली की उसण पळते, असं इथे मानतात. सत्तरी ओलांडली तरी काकींकडे अजून माणसं येतात.

"पालथा पड," काकी म्हणाल्या.

"काकी, आधी डॉक्टरला दाखवतो."

"डॉक्टर पायाळू आहे का?"

मी पालथा पडलो. लाथ तशी हलकीच बसली. पोटरीपर्यंत येणारी कळ घोट्यापर्यंत पोचली.

"उतरत्ये बघ," काकी समाधानाने म्हणाल्या. "आता पायातून बाहेर जाईल."

ती बाहेर गेली नाही. दोन दिवसांनी मी रत्नागिरीत व्यायामोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. काही विचारण्याआधी त्यांनी मला समोर बसवलं आणि नुसतं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या खिशात काय आहे?"

मी पाकीट काढून दिलं. जुनी ओळखपत्रं, पेट्रोलच्या पावत्या, बंद झालेल्या एका बँकेचं कार्ड.

"हे पाकीट आहे की उशी? किती वर्षं बसताय यावर?"

नोकरीला लागल्यापासून, असं मी सांगितलं. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी बसतो कसा, हेही त्यांनी करून दाखवायला लावलं. सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, पाठीला पोक, मान संगणकाच्या पडद्याकडे, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. त्यांनी समजावलं ते असं: कंबरेतून निघालेली नस कुल्ल्यामागून थेट पावलापर्यंत जाते. ती कंबरेपाशी दाबली गेली तरी बोंब पायात उठते. थोडक्यात, बातमी पायाची होती आणि घटनास्थळ कंबर होतं.

"दुखणं खाली सरकलं तर मला कळवा," त्या म्हणाल्या. "वर सरकायला लागलं तर समजा, सुधारतंय. आणि खुर्ची कितीही चांगली घेतलीत, तासभर न हलता बसलात तर ती वाईटच."

पाकीट वरच्या खिशात आलं. फोन आला की मी उभा राहून बोलू लागलो. सहकाऱ्यांना आधी वाटलं, पलीकडे मंत्री आहे. पाण्याची बादली उचलताना वाकून कंबर पिळणं बंद केलं. आधी तिच्यासमोर यायचं, मग गुडघे मोडायचे. मोजे घालायला पाय स्टुलावर. मालगुंड ते रत्नागिरी स्कूटरवर जाताना आरे-वारेच्या चढावर थांबून मी रस्त्याच्या कडेने चार फेऱ्या मारायचो. ओळखीचे लोक थांबत.

"गाडी बंद पडली काय?"

"गाडी चालू आहे. मी बंद पडलोय."

काकी कुंपणावरून रोज चौकशी करत, एसटी कुठवर आली असं विचारावं तशी.

"कुठवर आली?"

"पोटरीत." पुढे काही दिवसांनी, "मांडीत."

"उलटी कशी जात्ये मेली?" काकींना ते पटलं नाही. लाथेचा परिणाम उलटा होऊ शकतो हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

जानेवारी संपता संपता कळ कुल्ल्यात येऊन थांबली. चालणं, उभं राहणं, खुर्चीवर बसणं जमू लागलं. पाटावरची मांडी मात्र जमेना. जमिनीलगत बसलं की गुडघे वर येत, पाठ गोल होई आणि कळ पुन्हा मांडीत उतरे. बायको शेजारी पाट मांडून बसायची आणि माझं तोंड बघून म्हणायची, "ऊठ. अजून गणपतीपूजनसुद्धा झालेलं नाही."

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला: बैठक उंच घ्या, गुडघे कुल्ल्यांच्या खाली राहू द्या. भटजींना विचारलं, चौरंग चालेल का?

"चौरंग देवाला," भटजी म्हणाले. "यजमानाला पाट."

बायकोने विचारलं, "पाटावर पाट ठेवला तर?"

भटजींनी सुपारी कातरून होईपर्यंत वेळ घेतला. "शास्त्रात पाट सांगितलाय. किती, ते सांगितलेलं नाही."

घरी करून पाहिलं. तीन पाट एकावर एक ठेवले, ते सरकू नयेत म्हणून मध्ये गोणपाट घातलं, की पाठ आपोआप ताठ राहत होती. मला तीन म्हणजे बायकोलाही तीन. घरातले पुरले नाहीत. काकींनी आपले दिले, बाकीचे वाडीतून आले, तेही गरजेपेक्षा जास्त. प्रत्येकाच्या पाठीवर तेलरंगात मालकाचं आडनाव होतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं बसलो आणि नवऱ्या मुलाच्या आत्यांनी हरकत घेतली.

"मुलीचा बाप वरापेक्षा उंच? या वेळी वर म्हणजे साक्षात विष्णू."

मागून काकींचा आवाज आला. "मग विष्णूलाही द्या तीन. आमच्याकडे आहेत."

विष्णूला तीन दिले. मग नवरीला कमी कसे, म्हणून तिलाही. खाली एकटे भटजी उरले. "आता मंत्र वर फेकायला हवेत," असं म्हणून त्यांनी संकल्प सांगितला.

माझा भाऊ मांडवाच्या खांबाशी उभा होता. हातात पिशवी, पिशवीत कद.

विधी निम्म्यावर आला तेव्हा कळ जागी झाली. कुल्ल्यातून मांडीत उतरली. उठायचं नव्हतं. समोरून मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मुंडावळ्यांच्या आडून हळूच म्हणाली, "बाबा, हल थोडा."

शिकवल्याप्रमाणे मी भार डावीकडे घेतला, मांडी सैल केली, पाठ सरळ केली. कळ मांडीतच राहिली, खाली गेली नाही. बायकोने पाण्याची धार सोडली. मी मुलीचा हात नवऱ्या मुलाच्या हातात दिला.

भटजींनी उठायला सांगितलं तेव्हा मी आधी गुडघ्यावर आलो, मग मांडीवर हात टेकून उभा राहिलो. पाट दुसऱ्या दिवशी आडनावं वाचून ज्याचे त्याला परत केले. भावाने कद घडी न मोडता मुंबईला नेला.